गच्चीवर शेगडी, शेजारी टेबल: सोलापूरच्या उन्हाळ्यात मांडणी कशी टिकवायची

हुरड्याला घोंगडं अंथरलं की भागतं. थंडी असते, वारा पडलेला असतो, कुणाला टेबल आठवतही नाही. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर किंवा बंगल्याच्या अंगणात बार्बेक्यूची शेगडी पेटवायची तर मात्र मांडणीचा विचार करावा लागतो. पारा चाळिशीपार, संध्याकाळी सुटणारा वारा, मधूनच वावटळ आणि कधी न सांगता आलेला वळीव. कागदी रुमाल, उंच फुलदाण्या, मेणबत्त्या ही फोटोतली सजावट इथे तासभरही टिकत नाही. म्हणून टेबलावर ठेवायची प्रत्येक वस्तू वजनदार तरी असावी, थंडावा देणारी तरी असावी, नाहीतर खाता येणारी असावी. या तिन्हींत न बसणारी वस्तू घरातच राहू द्या.

जागा आधी, कापड नंतर

टेबल शेगडीपासून किमान आठ-दहा फूट लांब हवं, तेही वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा टेबलाकडून शेगडीकडे वाहिला पाहिजे. उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा बहुधा पश्चिमेकडचा असतो. पण शेजारची उंच इमारत, पाण्याची टाकी आणि कठडा मिळून तो कसाही वळवतात. म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळी गच्चीवर उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा. एका जागी लावून थांबू नका, चारही कोपऱ्यांत फिरवा. कठड्याच्या आडोशाला धूर बऱ्याचदा उलटा फिरतो, आणि नेमकं तिथेच टेबल लावायचा मोह होतो.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि सूर्य मावळल्यावरही उष्णता सोडत राहतो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. पाच वाजता एकदा आणि सव्वासहाला एकदा पाणी शिंपडा. पहिलं पाणी चर्रकन उडून जातं, खरा गारवा दुसऱ्या पाण्याने येतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात त्यासाठी पिण्याचं पाणी वापरायचं नाही, कपडे खळबळलेलं दोन बादल्या पाणी पुरतं. साडेसहानंतर मात्र शिंपडू नका. फरशी ओली राहिली की पाय घसरतो आणि विजेच्या बोर्डाची धास्ती राहते ती वेगळीच.

टेबलावर चादर

मंडपवाल्याकडून भाड्याने मिळणारं घडीचं टेबल साधारण सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि तीस इंच उंच असतं. माप वेगळं असू शकतं, आणल्याबरोबर टेप लावून बघा. एका माणसाला दोन फूट जागा लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन माणसं आरामात बसतात. एका टोकाला एकजण बसू शकतो. शेगडीकडचं टोक रिकामं ठेवा, गरम पदार्थ तिथूनच येणार.

कापड म्हणून घरातली सोलापुरी चादरच घ्यावी. घरची आहे म्हणून नव्हे, जाड सुताची आणि जड असते म्हणून. सिंथेटिक टेबलक्लॉथ वाऱ्यावर पतंगासारखा उडतो आणि ठिणगी पडली की वितळून भोक पडतं. सुती चादरीवर ठिणगीचा काळा ठिपका पडतो, तोही लगेच झटकली तर पुसट.

साठ बाय नव्वद इंचांची सिंगल चादर या टेबलावर टाकली की लांबीच्या दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच आणि रुंदीच्या बाजूंना पंधरा-पंधरा इंच खाली लोंबते. नऊ इंच ठीक. पंधरा जास्त होतात. खुर्चीची बैठक अठरा इंचांवर असते, म्हणजे टेबल आणि बैठक यांत बाराच इंच उरतात. जास्तीचं कापड मांडीवर येतं, कुणाच्या तरी खाली अडकतं आणि माणूस उठला की सगळं टेबल ओढलं जातं. म्हणून लांब कडा चार-चार इंच आत दुमडून सेफ्टी पिना लावा. नवी चादर असेल तर एकदा धुऊनच माप घ्या, कारण सुती कापड आटतं.

गडद मरून किंवा बाटली-हिरवी चादर दुकानात उठून दिसते, पण रात्री पिवळ्या दिव्याखाली ती काळी भासते. क्रीम, पिवळी, फिकट निळी घ्या. रंग जातो का ते बघायला पांढरं फडकं ओलं करून कडेला चोळा. फडक्याला रंग लागला तर ती चादर या कामाची नाही, माठाचं पाणी सांडलं की पाहुण्यांच्या कपड्यांवर उतरेल.

आता वारा. वर चार क्लिपा लावल्या की झालं, असं वाटतं, पण वारा कापडाच्या खालून शिरतो आणि लोंबता भाग शिडासारखा फुगवतो. धरून ठेवायची ती खालची बाजू. चादरीच्या प्रत्येक कोपऱ्यात आतल्या बाजूने लिंबाएवढा दगड ठेवा, त्याभोवती कापड गोळा करा आणि सुतळीने घट्ट आवळा. गोफणीत दगड बसतो तसा तो बसतो. सुतळीचं उरलेलं टोक टेबलाच्या पायाला बांधा, पण ताणून नको, चार बोटं ढील ठेवा. ताणलं तर चादर मधोमध फुगते आणि पेले डुगडुगतात. दगडाऐवजी हार्डवेअरच्या दुकानातले मोठे नट चालतात, फक्त गंजलेले नकोत.

मध्यभागी काय

समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. त्यामुळे मधली कुठलीही वस्तू वीतभर, फार तर फूटभर उंच असावी. इथे फुलांपेक्षा सरस पर्याय आपल्याकडे आहे: कडक भाकरी. पसरट मातीच्या तसराळ्यात ज्वारीच्या कडक भाकऱ्या उभ्या, एकमेकींना टेकवून रचा, मधल्या फटींत दोन-तीन कैऱ्या आणि कांद्याच्या पातीची जुडी खोवा. भाकऱ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. मऊ राहिलेली एखादी भाकरी वाकते आणि अख्खी रचना बसवते. सात माणसांना दहा-बारा भाकऱ्या पुरतात. जेवण रंगलं की सजावट आपोआप संपते, उचलायला काही उरत नाही. शेंगा चटणीची वाटी मात्र तसराळ्यात ठेवू नका. तेल सुटून मातीत मुरतं आणि ते भांडं पुन्हा कशाच्याच कामाचं राहत नाही.

चादर वाचवायची तर मधोमध केळीची पानं आडवी पसरा. सहा फुटी टेबलाला चार-साडेचार फुटी दोन पानं लागतात. देठाची टोकं मध्ये एकमेकांवर आणा, तिथेच तसराळं बसतं. पान आधी गॅसच्या मंद आचेवरून झरझर फिरवा. रंग गडद होऊन ते लवचीक होतं आणि फाटत नाही. मधली शीर पाठीमागून सुरीने तासून सपाट करा, नाहीतर पान डोलतं आणि त्यावरच्या वाट्याही. कोरड्या वाऱ्यात पानाच्या कडा अर्ध्या तासात गुंडाळल्या जातात. म्हणून पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि पाहुणे यायच्या पंधरा मिनिटं आधीच मांडा.

फुलं हवीच असतील तर निवड नीट करा. गुलाब, जरबेरा इथल्या उन्हात माना टाकतात, कारण देठातून जितकं पाणी चढतं त्यापेक्षा जास्त पाकळ्यांतून उडून जातं. झेंडू आणि निशिगंध दमदार. आंब्याचे टहाळे तर रात्रभर ताजे राहतात. बोगनवेलीचे घोस फांदीवर लगेच मलूल होतात, पण खुडून पाण्याच्या परातीत सोडले तर छान तरंगतात. मोगरा संध्याकाळी घ्या, ओल्या फडक्यात ठेवा आणि टेबलाच्या टोकांना बांधा. मधोमध नको. भाजलेल्या कांद्याच्या नि चिकनच्या वासात मोगरा मिसळला की दोन्ही बिघडतात.

पत्रावळ, रुमाल, माठ

पळसाची पत्रावळ सुंदर दिसते, पण वाळलेली असली की पहिल्या झुळकीला उडते. तासभर आधी पाण्याचा हबका मारून, पालथ्या घालून, वर पाट ठेवून दाबून ठेवा. मांडल्यावर प्रत्येक पत्रावळीत एक कैरी किंवा मध्यम कांदा ठेवा. वजनही होतं आणि दिसायलाही बरं. कांद्याची तर आपल्या बाजार समितीत काही कमी नाही. भाजलेल्या मांसाचे रस्सेदार तुकडे वाढणार असाल तर एकावर एक दोन पत्रावळी द्या.

कागदी रुमालांऐवजी टेरीचे छोटे नॅपकिन वापरा, बारा बाय बारा इंचांचे, माणशी दोन. नवे असतील तर दोनदा धुवा. पहिल्या धुण्यापर्यंत ते पाणी नीट शोषत नाहीत आणि लव सोडतात. निम्मे कोरडे ठेवा. उरलेले वाळा घातलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, सुरळी करून फ्रीजमध्ये ठेवा आणि पाहुणा गच्चीवर आल्याआल्या हातात द्या. दिवसभर उन्हात तापलेल्या माणसाला त्याच्याइतकं स्वागत दुसरं नाही, सरबतसुद्धा नंतर.

माठ टेबलावर ठेवू नका. तो पाझरतो, म्हणूनच पाणी गार होतं. आपल्याकडची कोरडी हवा त्याला मानवते, पण खालची चादर ओली होते. शेजारी घडवंचीवर ठेवा, नसेल तर विटांवर. टेबलावरच हवी असेल तर छोटी सुरई घ्या आणि खाली जुन्या टॉवेलची चुंबळ करून ताटलीत ठेवा. चुंबळीसाठी टॉवेलला लांबीने पीळ घाला, त्याचं वेटोळं करा आणि सुटं टोक आत खोचा. सुरई डुलत नाही आणि पाझरलेलं पाणी टॉवेल पितो. माठ कुंभार वेशीतून आणलेला नवा असेल तर एक दिवस आधी पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पाण्याला मातीचा उग्र वास येतो.

स्टीलचे चमचे, काचेचे पेले सव्वासहाच्या आत बाहेर आणू नका. उन्हात राहिलेला चमचा ओठाला चटका देतो.

दही, कोशिंबीर, मेयोनीज परातीत बर्फ घालून त्यात वाट्या बसवून ठेवा. दोन किलो बर्फ दीड तास जातो, वरून ओलं फडकं टाकलं तर थोडा जास्त. हवा बत्तिशीच्या वर असताना असे पदार्थ बर्फाविना तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. कच्चं मसाला लावलेलं चिकन जेवणाच्या टेबलावर अजिबात आणायचं नाही. त्याला शेगडीजवळ वेगळा पाट आणि वेगळा चिमटा.

दिवे

मेणबत्त्या दुपारी बाहेर काढून ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत वाकतात. काचेच्या बरणीत तळाला तीन बोटं वाळू घालून पणती ठेवा. बरणी ज्योतीच्या किमान दुप्पट उंच हवी. तेल निम्मंच घाला, वाऱ्याने हिंदकळून चादरीवर येतं.

दिव्यांची माळ पिवळ्या प्रकाशाची घ्या. पांढऱ्या एलईडीवर किडे जास्त येतात. आणि माळ टेबलाच्या डोक्यावर लावू नका. किडा दिव्यावर आपटतो तो सरळ ताटात पडतो. तीन-चार फूट बाजूला, सात फूट उंचीवर, टाकीच्या स्टँडपासून कठड्याच्या गजापर्यंत ओढा. एक्सटेन्शन बोर्ड स्टुलावर ठेवा, जमिनीवर नको. वळीव येऊन गेला असेल तर वाळवीचे पंखवाले किडे थव्याने निघतात. त्या वेळी टेबलाजवळचे दिवे मालवा, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला एक झगझगीत पांढरा बल्ब लावा आणि त्याखाली पाण्याचं टब ठेवा. अर्ध्या तासात सगळे तिकडे जमतात.

वळीव आला तर

वारा अचानक पडला, हवा कोंदली आणि मग धुळीचा लोट उठला, की हातात पाचेक मिनिटं आहेत असं समजा. यासाठी मांडतानाच फुटणाऱ्या वस्तू एका परातीत आणि पदार्थ दुसऱ्या परातीत अशी वाटणी ठेवा, दोन माणसं एकाच खेपेत खाली नेतील. गडगडाट ऐकू आला की गच्ची सोडायची, भाजणं अर्धवट राहिलं तरी. निखाऱ्यांवर पाणी ओतू नका, राख आणि वाफ तोंडावर उडते. झाकण लावा किंवा बादलीभर वाळू टाका, ती बादली पहिल्यापासून शेगडीजवळ असू द्या. पेटती शेगडी जिन्यात किंवा खोलीत नेणं तर जिवावरचं आहे. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळायच्या आत गुंगी येते.

डाग

तेलाच्या डागावर त्याच रात्री ज्वारीचं पीठ किंवा टाल्कम पावडर पसरून ठेवा, सकाळी झटका, मग साबण. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. घाबरू नका, साबण निघून गेला की पुन्हा पिवळा होतो. ती जागा ओली करून फक्त तेवढीच उन्हाकडे येईल अशी चादर घडी घालून दोरीवर टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दुपारी पुरतात. अख्खी चादर पसरून टाकली तर डागाबरोबर तिचाही रंग उतरेल.