विद्यापीठाचं साप्ताहिक बातमीपत्र काढायचंय? शाल-श्रीफळाच्या पलीकडं बघा

अधिविभागात (म्हणजे विद्यापीठातल्या विभागात) नाहीतर कॉलेजात नवीन जॉइन झालेल्या माणसाच्या गळ्यात जी कामं पडतात त्यात एक ठरलेलं, साप्ताहिक बातमीपत्र. "तुझं मराठी चांगलं आहे, तूच बघ" म्हणून सर निघून जातात आणि सोमवारपासून व्हॉट्सॲपवर फोटो पडायला लागतात, शाल, श्रीफळ, बुके, परत शाल, आणि आपलं कोल्हापूर म्हटल्यावर मधनंमधनं फेटे. हे असंच्या असं छापलं तर ज्याचा फोटो आहे तो सोडून कोण वाचत नाही. म्हणून हे लिहितोय, ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी.

पहिलं म्हणजे आठवड्याचं गणित लावा. मजकूर गुरुवारी संध्याकाळपर्यंत, शुक्रवारी तपासणी आणि फोनाफोनी, शनिवारी पानं लावायची, सोमवारी सकाळी अंक बाहेर. गुरुवारनंतर आलेलं पुढच्या अंकात, मग ते कुणाचंही असो. एकदा एकाला सवलत दिली की शनिवारी रात्री अकरा वाजता सुद्धा "एवढं तेवढं घाल की भावा" येणारच.

मजकूर युनिकोडमध्येच मागा, श्रीलिपीतली (जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली) फाईल उघडली की निम्मी जोडाक्षरं गायब. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो पाठवला की दबून येतो आणि छापताना तोंडं ओळखू येत नाहीत. आणि फोटोसोबत डावीकडून कोण कोण ते पण तेव्हाच घ्या, नंतर विचारलं तर तिसरा माणूस कोण हे तिथं हजर असलेल्यांनाही सांगता येत नाही.

आता खरा विषय, प्राध्यापकांचं यश. इथंच सगळा घोळ असतो. माझा नियम साधा आहे, कागद बघितल्याशिवाय बातमी नाही. कुणाला राग येतो, येऊ दे.

पेटंटचंच घ्या. "सरांना पेटंट मिळालं" असा मेसेज येतो, पेढे पण वाटून झालेले असतात, आणि कागद मागवला तर दिसतं की नुसता अर्ज केलाय किंवा तो प्रसिद्ध झालाय. भारतात पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो (लवकर पाहिजे असेल तर वेगळी फी भरून तसा अर्ज करता येतो), हे जर्नल दर शुक्रवारी निघतं, आणि त्यात नाव आलं म्हणजे पेटंट मिळालं असं नव्हे. त्याशिवाय परीक्षणासाठी वेगळी विनंती, मग परीक्षकाचे आक्षेप, त्याला उत्तरं, आणि मग कुठं मंजुरी. मंजूर झालं की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. म्हणून बातमीत तीनच शब्दांतला एक वापरा: दाखल, प्रसिद्ध, मंजूर. अर्ज क्रमांक मागा, पेटंट कार्यालयाच्या साईटवर टाकला की स्थिती फुकटात कळते. आणि डिझाईन नोंदणी म्हणजे पेटंट नव्हे, ती फक्त वस्तूच्या दिसण्याची नोंद, मुदत १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. इंग्लंडात नोंदवलेलं डिझाईन आणून "आंतरराष्ट्रीय पेटंट" म्हणून छापायला सांगणारे लई भेटतील, तिथं गोड बोलून "डिझाईन नोंदणी" एवढंच लिहायचं.

शोधनिबंधाचं तसंच. स्वीकारला गेला की प्रसिद्ध झाला ते विचारा, डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाईन क्रमांक) मागा आणि तो स्वतः उघडून बघा. लेखकांत विद्यार्थी असेल तर त्याचं नाव आलंच पाहिजे, बऱ्याचदा प्रयोगशाळेत रात्री तोच बसलेला असतो आणि बातमीत फक्त सर. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) लिहिणार असाल तर क्लॅरिव्हेट कंपनीच्या दरवर्षीच्या अहवालातलाच, बाकी नावात "इम्पॅक्ट" असलेले आकडे पैसे टाकून कुणालाही मिळतात. "युजीसी केअर यादीतील जर्नल" हे बिरूद पण आता जपून वापरा, युजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) मान्य जर्नलांची ती यादी २०२५ मध्ये बंद केली.

मग ती दोन टक्केवाली यादी, म्हणजे जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची. दरवर्षी साधारण सप्टेंबरच्या आसपास येते आणि आठवडाभर सगळे ग्रुप अभिनंदनानं भरून जातात. ही यादी स्टॅनफोर्डचे प्रा. जॉन आयोनिडिस आणि एल्सव्हियर ही प्रकाशन कंपनी यांची, स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधल्या संदर्भांच्या आकड्यांवर काढलेली, आणि त्या दोन असतात: एक पूर्ण कारकिर्दीची, एक फक्त एका वर्षाची. आपले सर कुठल्या यादीत आहेत ते लिहा. "स्टॅनफोर्डकडून गौरव" असलं काही लिहू नका, कुणी बोलावून सत्कार केलेला नसतो. तरी यादीत असणं लहान नव्हे हां, नीट लिहिलं तर तेवढ्यानंसुद्धा मान वाढतोच.

पीएच.डी. म्हणजे व्हायवा (तोंडी परीक्षा) झाला म्हणून लगेच "डॉ." नाही, विद्यापीठाची अधिसूचना निघाली की मग. प्रकल्पाचं, प्रस्ताव पाठवला ही बातमी नाही, मंजुरीचं पत्र आलं की बातमी. पुरस्कार असेल तर एकच प्रश्न, नोंदणी फी भरली का? भरली असेल तर विषय संपला. मानद डॉक्टरेटवाल्यांच्या बाबतीत युजीसीनं जाहीर केलेली बोगस विद्यापीठांची यादी उघडून बघा, आधी बघा, छापल्यावर नको.

एवढं सगळं तपासून झालं की लिहायचं कसं. समजा रसायनशास्त्राच्या मॅडमनी उसाच्या चिपाडापासून कार्बन तयार करून सुपरकपॅसिटरवर निबंध लिहिलाय. येणारी प्रेस नोट अशी असते: "प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये संशोधन प्रसिद्ध झाल्याबद्दल त्यांच्यावर सर्व स्तरांतून अभिनंदनाचा वर्षाव होत आहे." यात संशोधन कुठाय? त्याच्याऐवजी लिहा: "गुऱ्हाळात जळण म्हणून जाणाऱ्या चिपाडापासून वीज साठवायच्या उपकरणासाठी लागणारा कार्बन या गटानं तयार केला." कागलचा ऊसवाला पण थांबून वाचेल. त्यासाठी मॅडमना फोन करून विचारा, "हे तुमच्या आईला कसं सांगाल?" पहिल्यांदा हसतात, मग लई झकास सांगतात. आणि लिहिलेलं त्यांना एकदा वाचून दाखवा, सोपं करताना चुकीचं व्हायला नको.

कार्यक्रमाच्या बातमीत पाहुण्यानं काय सांगितलं ते वर, कोण हजर होतं ते खाली. "प्रास्ताविक यांनी केले, सूत्रसंचालन त्यांनी केले, आभार अमक्यांनी मानले" हा शेवटचा पॅरा काढला की फोन येतात हे मला माहित आहे, म्हणून ती नावं फोटोओळीत टाकायची, माणसं पण खूश आणि बातमी पण सुटसुटीत.

पदनामं मात्र डोळ्यात तेल घालून. सहायक आणि सहयोगी प्राध्यापक यात चूक झाली तर ती आठवडाभर पुरते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर परीक्षा नियंत्रक नाही, "परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक". सिनेटला अधिसभा. शिवाजी विद्यापीठात विभागाला अधिविभाग म्हणतात, बाहेरच्या पत्रकाराला हे टायपो वाटतं आणि तो दुरुस्त करून टाकतो.

जूनमध्ये शाहू जयंती २६ ला, नोव्हेंबरात विद्यापीठाचा वर्धापन दिन १८ ला (स्थापना १९६२ ची), फेब्रुवारीत २७ ला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला विज्ञान दिन, या आठवड्यांत जागा पुरत नाही. उलट मे महिन्यात काहीच नसतं, तेव्हासाठी चार-पाच विषय आधीच लिहून ठेवा. बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातली हस्तलिखितं, कमवा आणि शिका मधली मुलं दिवसभर काय काय करतात, कॅम्पसवरचे मोर, मेसचा भाजीचा हिशेब. खरं सांगू का, सत्काराच्या बातम्यांपेक्षा हेच जास्त वाचलं जातं.

प्रत्येक बातमीचा पुरावा, म्हणजे पत्र, लिंक, फोटो, त्याच दिवशी ड्राइव्हवर महिन्यावार फोल्डरमध्ये टाका. वर्षाच्या शेवटी आयक्यूएसीवाले (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) नॅकच्या, म्हणजे दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, वार्षिक अहवालासाठी सगळ्यांच्या मागं लागतात, तुम्ही फोल्डरची लिंक पाठवायची आणि चहाला जायचं.

चूक छापली गेलीच तर पुढच्या अंकात त्याच पानावर दुरुस्ती द्या, बारीक अक्षरात तळाला नको. आणि ग्रुपवर पाठवून झालं तरी अंकाची एक प्रिंट ग्रंथालयात आणि एक हॉस्टेलच्या बोर्डावर लावा, निवृत्त सर लोक अजून तिथंच येऊन वाचतात, आणि पदनामातली चूक पहिल्यांदा तेच सांगतात.