ओलावा सेन्सर: गंजणाऱ्या खिळ्यांवर प्लास्टरचा उपाय

‘डॉ. स्टोन’ या ॲनिमेतला (जपानी ॲनिमेशन मालिकेतला) सेन्कू हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून यंत्रं उभी करतो. त्याच पद्धतीचा हा मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर. नुसते दोन खिळे मातीत खुपसले तर सततच्या डीसी (एकाच दिशेच्या) प्रवाहाने त्यातला एक झिजतो आणि खत टाकलं की माती कोरडी असूनही रीडिंग ‘ओली’ दाखवतं. तारांभोवती प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून केलेल्या जिप्सम ठोकळ्याने दोन्ही त्रास बरेच कमी झाले.

१०० ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस, ७० मिली पाणी. वीस मिलीच्या सिरिंजचं तोंड कापून साचा करा. स्टेनलेस स्टीलच्या दोन तारा समांतर, १ सेंमी अंतरावर धरून मिश्रण ओता आणि साचा लगेच टकटक ठोका. बुडबुडा अडकला तर दोन ठोकळ्यांची रीडिंग कधीच जुळत नाहीत. ठोकळा पूर्ण वाळवून रात्रभर भिजवा, मग चिखलात लडबडून मुळांच्या खोलीवर पुरा. भोवती पोकळी राहिली तर सगळं फुकट.

आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाची पिन ७, १० किलोओहम रेझिस्टर, ए० (रीडिंग घेणारी ॲनालॉग पिन), ठोकळा, पिन ८ अशी ओळीने जोडणी. वीज फक्त मोजतानाच द्या. पुढच्या वेळी विजेची दिशा उलटवा; तेव्हा आलेला आकडा १०२३ मधून (ए० वरच्या कमाल आकड्यातून) वजा करायचा.

रेताड जमिनीत हा सेन्सर उशिरा जागा होतो, म्हणजे माती बरीच कोरडी झाल्यावरच आकडा बदलतो; तिथे वापरू नका. जिप्सम हळूहळू विरघळतं, त्यामुळे ठोकळा अधूनमधून बदलावाच लागतो.