जुनी एमजीबी घेताना या चुका टाळा (आणि जुनी पँट घालून जा)

मार्च उजाडला, इंग्लंडात जरा ऊन पडलं की मला फोन यायला लागतात. "अरे, एक एमजीबी बघितलीय, मस्त हिरवीगार आहे, उद्या टोकन देतोय, काही बघायचं असतं का?" टोकन द्यायच्या आदल्या रात्री हा प्रश्न! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पंधरा-सोळा वर्षं झाली मला एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या नादाला लागून, आणि लोक त्याच त्याच चुका करताना बघून आता खरंच वैताग आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुढचा फोन आला की हेच पाठवणार.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे बॉनेट उघडून इंजिन ऐकत बसणं. सगळे तेच करतात, कारण इंजिनाचा आवाज येतो, गंजाचा येत नाही. एमजीबीचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन म्हणजे बैल आहे बैल, आणि बिघडलंच तरी पार्ट सगळे मिळतात, साधा मेकॅनिकसुद्धा उघडून नीट करतो. खरी गोम पत्र्यात आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिची हाडं, आणि त्यातली मोठी हाडं म्हणजे दाराखालचे दोन सिल. सिल म्हणजे बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि खालचा कॅसल सेक्शन नावाचा पत्रा मिळून झालेली पोकळ पेटी. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारं पाणी त्या पेटीत जाऊन बसतं आणि आतून खात राहतं. रोडस्टरला, म्हणजे उघड्या एमजीबीला, वर पक्कं छप्पर नाही, त्यामुळे सिल गेले की गाडी मधोमध वाकायला लागते.

हे मला आज पाठ आहे, कारण मी त्याची फी भरलीय.

माझी पहिली एमजीबी, १९७२ची रोडस्टर, क्रोम बंपरवाली. मी बघायला गेलो नोव्हेंबरात दुपारी चार वाजता, म्हणजे इकडे अंधारच, वरून रिमझिम पाऊस. ओला रंग कुठल्याही गाडीला शोभून दिसतो हे तेव्हा कोण सांगणार. विकणारे आजोबा इतके सज्जन की दारात पाय ठेवल्या ठेवल्या चहा आणि बिस्किटं, मग बायकोबरोबर स्कॉटलंडला ही गाडी कशी नेली होती त्याचे फोटो. माझ्या खिशात लोहचुंबक होतं (पत्र्याला चिकटतं, पुट्टीला नाही), मी वाचून बिचून गेलो होतो ना, पण त्या माणसासमोर चुंबक काढून गाडीला लावायची मला लाज वाटली. ओल्या जमिनीवर झोपून खाली बघायची तर त्याहून. भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. वाकून नुसता टॉर्च मारला, खाली सगळं काळंकुळकुळीत ताजं अंडरसील (गंज लागू नये म्हणून गाडीखाली मारतात तो लेप) दिसलं, आणि मी गाढव मनात म्हणतोय, वा, किती जपलीय. साडेसहा हजार पौंड मोजले आणि चालवत घरी आणली.

मार्चमध्ये पुढच्या चाकांच्या किंगपिनला (चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस मारायचं म्हणून दाराखाली जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी तिथेच राहिली. आवाज विशेष झालाच नाही, चहात बुडवलेल्या बिस्किटात चमचा घातला तर जेवढा होईल तेवढाच. मग दार उघडायला गेलो तर दार अडकलेलं. गॅरेजवाल्याने ते अंडरसील खरवडलं तेव्हा आतून निघालं काय, तर पुट्टी, तिच्यामागे जाळी, जाळीमागे पिवळा फोम. पत्रा नावाला. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि गॅरेजवाला गप्प बसला की समजायचं आकडा मोठा आहे. वेल्डिंगचे चार हजार आठशे झाले, रंग वेगळा. आजोबांना हे माहीत होतं की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. बहुतेक त्यांनाही कुणीतरी असंच 'करून' दिलं असणार.

त्यानंतर मी काय करतो ते सांगतो, ही माझी सवय आहे, शास्त्र नाही. जुनी पँट घालून जातो. कोरड्या दिवशी, सकाळी अकराच्या आसपास. चुंबक मऊ फडक्यात गुंडाळलेलं असतं म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही, आणि आल्या आल्या हसून सांगून टाकतो की मी आता अर्धा तास तुमच्या अंगणात लोळणार आहे. खऱ्या गाडीवाल्याला त्याचं काही वाटत नाही, उलट तो खाली घालायला पुठ्ठा आणून देतो. जो कुरकुरतो त्याच्याकडून आपण निघायचं. दाराच्या मागची फट बघायची, खालपासून वरपर्यंत सारखी हवी. वर निमुळती होत गेली असेल तर गाडी वाकलीय. मग मालकाला विचारून जॅकवर थोडी उचलायची आणि फट पुन्हा बघायची, बदलली तर नमस्कार करून घरी. पुढचा मडगार्ड खाली सिलला जिथे मिळतो तिथे सांध्याची रेघ दिसली पाहिजे. ती पुट्टीने बुजवून गुळगुळीत केली असेल तर कुणीतरी कुजक्या सिलवर नवा पत्रा नुसता चढवलाय, कारण सिल मडगार्डच्या आतपर्यंत जातो आणि नीट काम करायचं तर मडगार्ड काढावा किंवा कापावा लागतो. ते कष्ट कोण घेतो? वरून कीर्तन, आतून तमाशा.

आणि "नंतर करून घेऊ हळूहळू" असं म्हणणाऱ्यांना एकच माहिती देतो: विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीवाले मूळ साच्यांवर एमजीबीची आख्खी नवी बॉडी बनवतात, १९८८ पासून. तिची किंमत एकदा विचारून या, मग पत्रा स्वस्त की इंजिन ते ठरवा.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे गाडीची गोष्ट ऐकून भुलणं. मागे एका मित्राने मोठ्या उत्साहात फोन केला, "फॅक्टरी व्ही८ रोडस्टर मिळतेय, १९७४ची, रेअर आहे, दोन जण रांगेत आहेत." (हे रांगेतले दोन जण मला आजवर एकदाही दिसलेले नाहीत.) मी म्हटलं, अरे बाबा, त्या काळात एमजीच्या अबिंग्डनच्या कारखान्याने व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) फक्त जीटीमध्ये, म्हणजे पक्क्या छपराच्या गाडीत दिलं, १९७३ ते १९७६, एकूण २,५९१ गाड्या, रोडस्टर एकही विकायला काढली नाही. म्हणजे ती कुणीतरी नंतर बदललेली. बदललेली गाडी वाईट नसते, चांगलं काम असेल तर मजा येते, पण मग पैसे बदललेल्या गाडीचे द्यायचे, दुर्मिळतेचे नाहीत. चासी नंबर वाचायला शिका हो, दोन मिनिटांचं काम आहे. जीएचएनने सुरू झाला तर गाडी रोडस्टर म्हणून जन्मली, जीएचडी असेल तर जीटी म्हणून. पुढचा आकडा ३, ४ की ५ यावरून मॉडेलचा टप्पा कळतो. तो नंबर गाडीवर, प्लेटवर आणि व्ही५सीवर (इकडचा गाडीच्या नोंदणीचा कागद) एकच हवा. शंका असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं, त्यात मूळ रंग, कारखान्यातून निघाल्याची तारीख वगैरे येतं. मित्र माझ्यावर चिडला, दोन आठवडे बोलला नाही. गाडी घेतली नाही, हे महत्त्वाचं.

तसंच १९७४च्या शेवटापासून एमजीबीला काळे रबर बंपर आले आणि अमेरिकेच्या नियमांसाठी गाडी उंचही केली. अशा गाड्यांना क्रोम बंपर लावून जुन्या म्हणून विकणारे आहेत. बंपर बदलतात, उंची बरेचदा तशीच राहते, लांबून एकदा नजर टाका.

व्ही५सी म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. तो रजिस्टर्ड कीपरचा, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलीय त्याचा कागद आहे, असं त्यावरच लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण. खरेदीची जुनी पावती मागा, गाडीवर कर्ज थकलंय का ते तपासा.

"एमओटीची गरजच नाही" हे वाक्य लोक आनंदाने सांगतात (एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची इकडची वार्षिक तपासणी). खरंय, चाळीस वर्षांवरच्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून सूट आहे. पण सूट कागदाला आहे, ब्रेकला नाही. मी सरळ म्हणतो, नवीन एमओटी करून द्या, फी मी देतो, जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. एवढ्यावर जो आढेवेढे घेतो त्याने आपलं उत्तर दिलेलं असतं. शिवाय जुना एमओटी इतिहास सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून फुकट दिसतो, २००५ नंतरचा. त्यात मैलही दिसतात. या गाड्यांच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे, लाख झाला की पुन्हा शून्य, तेव्हा "फक्त बत्तीस हजार मैल" ऐकून पाघळू नका.

जाण्याआधी फोनवर सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका, गार असताना कसं सुरू होतं ते बघायचंय. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात. गरम लागलं तर चहा प्या, ते गार होईपर्यंत बसा, मग चालू करा.

ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) "आहे" आणि ओव्हरड्राइव्ह "चालतो" या दोन वेगळ्या गोष्टी. चौथ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमला बटण दाबा, आरपीएमचा काटा साधारण पाचशेने खाली आला पाहिजे.

तारांची चाकं असतील तर हळू जाताना मागेपुढे करून बघा, टक्क आवाज आला की स्प्लाइन, म्हणजे चाक धरून ठेवणारे हबचे दाते, झिजलेत.

पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलचं) भरा. २०२१ पासून पंपावर साधं पेट्रोल ई१० (जास्त इथेनॉलचं) झालंय आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही.

ट्रायम्फ टीआर६ (अशीच जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) बघायला जात असाल तर आणखी एक. सोबत कुणाला तरी न्या, त्याला क्लच दाबायला लावा आणि तुम्ही इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे टक लावून बघा. क्लच दाबल्यावर पुली पुढे सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजलेत किंवा पडलेतच, आणि ते तसंच चालवलं तर इंजिनाचा ब्लॉक जातो. आमच्याकडे क्लच दाबायचं काम बायकोकडे आहे. चार गाड्या तिने त्या एका पायाने नापास केल्यात, आणि आता ती बघायला यायच्या आधीच विचारते की तिथे बसायला कोरडी जागा आहे का.