नव्वदला स्टिअरिंग थरथरतं तेव्हा

दर शनिवारी सकाळी मी पुण्याहून साताऱ्याला आईकडे जाते. गाडी पेट्रोलवरची लहान हॅचबॅक, चौदा इंची लोखंडी रिमा, चालली आहे पंच्याऐंशी हजार. गेल्या पावसाळ्यानंतर तिने नवीनच खोड काढली. ऐंशीपर्यंत शहाण्यासारखी चालायची. पंच्याऐंशीला स्टिअरिंगवरच्या हातांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं, नव्वदला अंगठ्या वाजायला लागायच्या आणि शंभराजवळ पुन्हा बरंच शांत.

पहिल्या दुकानात मी फक्त "गाडी थरथरते" एवढंच सांगितलं. त्यांनी अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) आणि बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाक तोलणं) करून दिलं, फरक शून्य. दुसऱ्या गॅरेजात लोअर आर्म, टाय रॉड (पुढची चाकं धरणारे आणि वळवणारे दांडे) आणि मजुरी मिळून अकरा हजारांचा अंदाज सांगितला. तोही मला नाही, सोबत आलेल्या नवऱ्याला; आणि आमच्या नवऱ्याला पेट्रोलचं झाकण डावीकडे की उजवीकडे, हेसुद्धा पंपावर उतरून बघावं लागतं. अकरा हजार खिशातच ठेवले आणि वही काढली.

तुमचीही गाडी अशी करत असेल तर आधी दुकानात जाऊ नका, आधी चिठ्ठी करा. शेजारी बसणाऱ्याच्या हातात पेन द्या, चालवताना स्वतः लिहू नका. माझ्याकडे हे काम मुलीने केलं, सुरूर ते भुईंजच्या सरळ रस्त्यावर, सकाळी गर्दी नसताना. तीन गोष्टी लिहायच्या: किती वेगाला सुरू होतं आणि किती वेगाला कमी होतं, कुठे जाणवतं, आणि त्या वेळी पाय कुठे आहे.

स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. स्टिअरिंग गप्प पण सीट आणि पायाखालची जमीन थरथरते, तर मागच्या चाकांकडे बघा. हा नियम काही शंभर टक्के चालत नाही, पण सुरुवात इथूनच.

पाय ॲक्सिलरेटरवर दाबला की थरथर आणि सोडला की बंद, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट किंवा इंजिनाचं माउंटिंग तपासायला सांगा. फक्त ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हलतं, तर पुढच्या डिस्क एकसारख्या जाडीच्या राहिलेल्या नाहीत. हा ब्रेकचा मामला आहे, तो पुढच्या शनिवारवर ढकलू नका. वेगाबरोबर घुमण्याचा आवाज वाढतो आणि लेन बदलताना कमी-जास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग.

आता इंजिन की चाकं, हे ठरवायचं. नव्वदला पाचव्या गिअरमध्ये थरथरतंय, तर त्याच वेगाला चौथा टाका. इंजिनाचे फेरे वाढले, चाकांचे तेवढेच राहिले. थरथर जशीच्या तशी असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. काही जण चालत्या गाडीचं इंजिन बंद करून बघायला सांगतात. ते अजिबात करू नका. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत जाते.

माझी चिठ्ठी अशी झाली: "८५ ते ९५, स्टिअरिंग, पाय कुठेही असो, चौथ्यातही तेच." म्हणजे पुढचं चाक.

चाक एका बाजूला जरासं जड असलं तर एवढं होतं तरी कसं, म्हणून मी हिशोब मांडला. माझा टायर १६५/८० आर १४, परीघ १.९५ मीटरच्या आसपास. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला जवळजवळ १३ फेरे. रिमच्या काठावर २० ग्रॅमचा फरक असला, तर त्या वेगाला तो सुमारे अडीच किलोच्या ओढीएवढा होतो, आणि ही ओढ सेकंदाला तेरा वेळा वर-खाली, पुढे-मागे फिरते. ठरावीक वेगाला त्या झटक्यांचा आणि गाडीच्या सस्पेन्शनचा ताल जुळतो. म्हणून नव्वदला कहर आणि शंभराला शांतता. शंभराला शांत होतं म्हणून आणखी पळवायची, हा उपाय मात्र धरू नका.

फुकटच्या तपासण्या घरीच होतात. गाडी थंड असताना हवा बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. रिमच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. पावसाळ्यात तिथे चिखल बसतो आणि वाळून दगड होतो. आमच्याकडे गावच्या रस्त्याची लाल माती निघाली, दोन मुठी. पाइपने धुतली. तेवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं, माझं नाही भागलं. बॅलन्सिंगचं वजन गळून पडलं असेल तर रिमच्या काठावर त्याची स्वच्छ खूण दिसते. टायरच्या कडेवरून सावकाश हात फिरवा. कुठे गाठ किंवा फुगा लागला तर पुढचं वाचू नका, तो टायर आजच काढा. टायरचं वय त्याच्यावरच लिहिलेलं असतं: शेवटचे चार आकडे २३१९ असतील, तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

यानंतरची युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण तिने अकरा हजार वाचवले. पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे टाकायचं, त्याच बाजूचं. सपाट जागा, हँडब्रेक, दुसऱ्या चाकांना दगड. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक. जॅकवरच्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. जॅक एकच असल्याने मी पुढे स्टेपनी लावली, निघालेलं चाक मागे बसवलं आणि मागचं आणून पुढे लावलं. आधी डावी बाजू केली. हल्ली बऱ्याच गाड्यांची स्टेपनी बारीक असते. ती अशा अदलाबदलीपुरतीच वापरा, हायवेवर नाही. चाक जॅकवर असतानाच वर-खाली धरून हलवून बघा, खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हललं तर टाय रॉड. माझं दोन्हीकडून घट्ट होतं, म्हणजे तो अंदाज नेमका कशावरून काढला होता कोण जाणे.

पुढच्या शनिवारी शिरवळ यायच्या आत उत्तर मिळालं. स्टिअरिंग लोण्यासारखं, आणि थरथर सीटखाली! चाकाबरोबर दुखणंही मागे गेलं होतं. दोष हातात धरता येईल असा, त्या एका चाकात.

ते चाक डिकीत टाकून घराजवळच्या टायरवाल्या दादांकडे गेले, चिठ्ठीसकट. दादांनी मशीनवर फिरवलं तर काट्यावर शून्य. बॅलन्सिंग खरोखरच नीट झालेलं होतं. मी हिरमुसले. दादा म्हणाले, "ताई, काटा नका बघू, रिम बघा." त्यांनी मशीनच्या दांड्यावर पेन टेकवून टोक रिमच्या आतल्या काठाजवळ स्थिर धरलं आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. एका ठिकाणी टोक घासायचं, समोरच्या बाजूला चांगली तीन मिलीमीटर फट. रिम आउट, म्हणजे वाकडी झाली होती. खंबाटकी उतरताना जुलैत एक खड्डा जोरात बसला होता, तो आत्ता आठवला.

मशीन फक्त वजन तोलतं. वाकडी रिमही वजनं लावून शून्यावर आणता येते, पण रस्त्यावर ती प्रत्येक फेऱ्याला उडीच मारणार. म्हणून बॅलन्सिंग करताना तिथे उभ्या राहा आणि चार गोष्टी बघा: जुनी वजनं काढली का, चाक मशीनच्या मधल्या निमुळत्या सुळक्यावर मधोमध बसलंय का, वजनं लावल्यावर पुन्हा फिरवून शून्य दाखवलं का, आणि रिम व टायर नुसत्या डोळ्यांनी सरळ फिरतात का. अलाइनमेंट ही वेगळी गोष्ट. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकीकडून झिजतो; नव्वदच्या थरथरीवर तिचा सहसा उपयोग नसतो. दोन्हींची पावती मात्र एकत्रच फाडतात.

लोखंडी रिम ठोकून सरळ करणारे आहेत, पण दादांनीच नको म्हटलं. नवी पावणेदोन हजारांना मिळाली. बसवण्याआधी त्यांनी हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला. तिथे पापुद्रा राहिला तर नवं चाकही तिरकं बसतं. नट समोरासमोरचे आळीपाळीने, आधी हाताने, मग पान्ह्याने.

शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला त्यांनी बजावलं होतं. आईच्या अंगणात पान्हा लावला, तर एक नट पाव फेरा आत गेला.