कॉलेज अल्जिब्राचा पूरक वर्ग कसा चालवावा

अमेरिकेतील महाविद्यालयांत ‘कॉलेज अल्जिब्रा’ हा बहुधा पहिल्या वर्षी घ्यायचा गणिताचा विषय असतो. ज्यांचे शालेय बीजगणित कच्चे राहिले आहे, अशा विद्यार्थ्यांना पूर्वी या विषयाच्या वर्गात थेट बसू देत नसत. त्यांना आधी एक, कधी दोन सत्रे तयारीच्या वर्गांत काढावी लागत. त्या वर्गांचे शुल्क भरावे लागे, पण पदवीच्या श्रेयांकांत ते धरले जात नसत, आणि पुष्कळ जण मुख्य विषयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गळून जात. टेनेसी राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांनी २०१५ मध्ये ही आधीची पायरी काढून टाकली, विद्यार्थ्यांना मुख्य विषयात थेट प्रवेश दिला आणि त्याच सत्रात जोडीला पूरक वर्ग ठेवला. टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१७ मध्ये कायदे करून आपापल्या सार्वजनिक महाविद्यालयांना याच दिशेने वळवले. असा वर्ग ज्या शिक्षकाच्या वाट्याला प्रथमच आला आहे, त्याच्यासाठी हे टिपण आहे.

पूरक वर्गाची आखणी शालेय पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणापासून करू नये. तसे केले की दोन वर्ग दोन वाटांनी चालू लागतात: मुख्य वर्गात वर्गसमीकरणे सुरू असतात आणि पूरक वर्गात अपूर्णांकांची बेरीज, आणि या बेरजेचा त्या समीकरणांशी काय संबंध, हे विद्यार्थ्याला कोणीच सांगत नाही. आखणी उलट्या दिशेने करावी. मुख्य वर्गाचे वेळापत्रक समोर घ्यावे, येत्या आठवड्यातील प्रत्येक धड्याची दोन-तीन उदाहरणे स्वतः कागदावर सोडवावीत आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून ही ओळ लिहिण्यासाठी आधीचे काय यावे लागते, ते समासात नोंदवावे. उदाहरणार्थ, पूर्ण वर्ग करून समीकरण सोडवण्याच्या धड्यात क्ष² + ६क्ष आले, तर सहाची निमपट तीन आणि तिचा वर्ग नऊ, हे कोणालाही जमते. पण क्ष² + ५क्ष आले की पाचाची निमपट ५/२ आणि तिचा वर्ग २५/४ येतो, आणि मग उजव्या बाजूच्या पूर्णांकात २५/४ मिळवताना गाडी अडते. अडचण पूर्ण वर्गाच्या रीतीत नसून अपूर्णांकात आहे. तेव्हा त्या धड्याच्या आदल्या तासाला अपूर्णांकाचा वर्ग आणि पूर्णांकात अपूर्णांक मिळवणे, एवढेच घ्यावे. संपूर्ण अपूर्णांक प्रकरणाची उजळणी तिथे नको.

दोन्ही वर्गांचा शिक्षक एकच असेल तर उत्तम. तसे नसेल, तर दोघांनी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे तरी एकत्र बसावे आणि मुख्य वर्गातील चाचण्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पूरक वर्गाच्या शिक्षकाला पाहायला मिळाव्यात. चिन्हे आणि शब्दही दोघांचे सारखे असावेत. एकाने ‘मूळ’ म्हणायचे आणि दुसऱ्याने त्यालाच ‘उकल’ म्हणायचे, यात आधीच डगमगणारा विद्यार्थी विनाकारण गोंधळतो.

आता प्रत्यक्ष तासाकडे वळू. पहिल्या दहा मिनिटांत दोनच प्रश्न द्यावेत, त्यांना गुण ठेवू नयेत आणि विद्यार्थी लिहीत असताना शिक्षकाने वर्गात फिरून वह्या पाहाव्यात. उत्तर चूक की बरोबर, यापेक्षा चूक कोणत्या ओळीत शिरली, हे पाहणे महत्त्वाचे असते. एक नमुना जवळून पाहू. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष हे फल, म्हणजे फंक्शन, दिले आहे आणि फ(क्ष + ह) काढायचे आहे. बरेच विद्यार्थी क्ष² − ३क्ष + ह असे लिहून मोकळे होतात. त्यांना वजाबाकी येत नाही असे नाही. फलाचे चिन्ह म्हणजे कंसात येईल ते प्रत्येक जागी भरण्याची सूचना आहे, हेच त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नसते. अशा वेळी फळ्यावर क्ष न लिहिता फ(   ) = (   )² − ३(   ) असे मोकळ्या कंसांचे रूप लिहावे. त्यात आधी ४ भरायला सांगावे, मग −२, मग ‘अ’, आणि शेवटी क्ष + ह. कंस आधीच काढलेले असल्यामुळे (क्ष + ह)² − ३(क्ष + ह) आपोआप लिहिले जाते आणि त्याचा विस्तार क्ष² + २क्षह + ह² − ३क्ष − ३ह असा होतो. यातून फ(क्ष) वजा करून ह ने भागले की २क्ष + ह − ३ उरते. मुख्य वर्गात हे उदाहरण येईल तेव्हा शेवटची ओळ मिळवण्यासाठी लागणारे सगळे सुटे भाग विद्यार्थ्याच्या हाताशी तयार असतात.

चुका दुरुस्त करताना नियम पुन्हा सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण नियम त्यांनी शाळेत अनेकदा ऐकलेला असतो. त्यापेक्षा ताळा करायला लावावा. (क्ष + ३)² = क्ष² + ९ असे लिहिणाऱ्याला क्षच्या जागी ५ ठेवायला सांगितले, की डावीकडे ६४ आणि उजवीकडे ३४ येतात, आणि शिक्षकाने काही न बोलता चूक उघडी पडते. मात्र ताळ्यासाठी संख्या निवडताना जपावे. क्ष = ० ठेवला तर वरच्या चुकीच्या विधानातही दोन्हीकडे ९ येतात; १ ठेवला तर क्ष आणि क्ष² सारखेच दिसतात; आणि २ ठेवला तर क्ष² आणि २क्ष यांतला फरक नाहीसा होतो. म्हणून ०, १ आणि २ टाळून ३ किंवा ५ घ्यायची सवय लावावी. ही सवय एकदा लागली की ती विद्यार्थ्याला परीक्षागृहातही उपयोगी पडते, जिथे विचारायला कोणी नसते.

‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे वाक्य पूरक वर्गात मी वापरत नाही, आणि इतरांनीही वापरू नये असे माझे मत आहे. ३क्ष = १२ मधला ३ ‘पलीकडे नेऊन’ क्ष = १२ − ३ असे लिहिणारा विद्यार्थी त्याला दिलेला नियम इमानाने पाळतच असतो. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायची, हे वाक्य लांब आहे, पण ते खरे आहे. तेच वाक्य पुढे क्ष² = ५क्ष या समीकरणापाशी वेगळ्या रीतीने कामी येते. दोन्ही बाजूंना क्ष ने भागले की क्ष = ५ मिळते आणि क्ष = ० ही उकल हरवते, कारण शून्याने भागता येत नाही आणि क्ष शून्य असण्याची शक्यता आपण न पाहताच पुसून टाकलेली असते. क्ष² − ५क्ष = ० असे लिहून अवयव पाडले की दोन्ही उकली राहतात. वर्गमुळाच्या समीकरणात नेमके उलटे घडते, म्हणजे नको ती उकल आत शिरते: √(२क्ष + ३) = क्ष या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर क्ष² − २क्ष − ३ = ० मिळते, त्यातून ३ आणि −१ येतात, पण −१ मूळ समीकरणात ठेवल्यावर डावीकडे १ आणि उजवीकडे −१ उरतो. ही दोन उदाहरणे एकाच तासात शेजारी शेजारी मांडावीत. एकात उकल हरवते, दुसऱ्यात आगंतुक उकल येते, आणि ताळा दुसरी चूक पकडतो पण पहिली पकडत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावी. त्यासाठी तासातली वीस मिनिटे गेली तरी ती द्यावीत.

उरलेल्या वेळात तिघा-तिघांचे गट करून मुख्य वर्गाचाच गृहपाठ सोडवून घ्यावा. पूरक वर्गाचा वेगळा गृहपाठ देऊ नये आणि वेगळी मोठी परीक्षाही घेऊ नये. ज्याला एका विषयाचा भार पेलत नाही म्हणून हा वर्ग आहे, त्याच्या डोक्यावर दुसरा विषय ठेवण्यात काही अर्थ नाही. श्रेणी द्यायचीच असेल तर ती उपस्थितीवर आणि तासात केलेल्या कामावर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढीच असावी. तास संपण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्यावी, आणि आज कोणत्या ओळीत अडलो, एवढेच त्यात लिहून मागावे. ‘काही समजले नाही’ असे लिहिलेली चिठ्ठी परत देऊन ओळ दाखवायला सांगावी. पुढच्या तासाचे पहिले दोन प्रश्न या चिठ्ठ्यांतूनच निघतात.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात पद्धत बदलावी. एका प्रकरणाची वीस उदाहरणे सलग सोडवताना रीत कोणती, हे शीर्षकच सांगत असते. चाचणीत ते शीर्षक नसते. म्हणून ३क्ष + २ = १४, |३क्ष + २| = १४, क्ष² + ३क्ष = १०, ३ˣ = ८१ अशी बारा मिश्र उदाहरणे द्यावीत आणि ती सोडवू न देता प्रत्येकाची केवळ पहिली ओळ आणि ती निवडण्याचे कारण लिहायला सांगावे. घाईने सुरुवात करण्याची सवय असलेल्यांना हे फार जड जाते, त्यामुळे पहिल्यांदा कुरकुर होईल हे धरून चालावे.

चाचणीच्या उत्तरपत्रिका परत आल्यावर गुणांची चर्चा लांबवू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या चुकांचे तीन रकाने करावेत: काय लिहिले, तसे का वाटले, आणि कोणत्या ताळ्याने ते पकडता आले असते. मधला रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि पुष्कळ जण तो ‘घाई झाली’ असे लिहून संपवतात. शिक्षकाने हे तक्ते गोळा करून तीच तीच चूक किती जणांची आहे, ते मोजावे, आणि चारापेक्षा अधिक तक्त्यांत आलेली चूक पुढच्या आठवड्याच्या आखणीत, ज्या धड्याला तिची बाधा होणार आहे त्याच्या आदल्या तासाला, लिहून ठेवावी.