ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना बोलते करताना

केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांचे चार भाग असतात: व्हिडिओ व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. यांपैकी पहिले तीन आधी तयार ठेवता येतात. चर्चा मात्र दर आठवड्याला नव्याने घडवावी लागते, आणि ऑनलाइन शिकवण्यास नव्यानेच सुरुवात केलेल्या प्राध्यापकांचे नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते. आमच्या महाविद्यालयात ‘स्वयम्’वरील एनपीटेलचा (आयआयटी व आयआयएससी यांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी मार्गदर्शन करते, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

“काही शंका असल्यास विचारा” या सूचनेला सहसा प्रतिसाद येत नाही, कारण नेमकी शंका मांडता येण्यासाठीही विषय थोडाफार उमगलेला असावा लागतो. म्हणून प्रश्न आपणच विचारावा आणि तो अगदी लहान ठेवावा. बेजच्या प्रमेयाच्या (नवी माहिती हाती आल्यावर संभाव्यता कशी बदलते हे सांगणाऱ्या नियमाच्या) आठवड्यात मी पुढील उदाहरण देते: १००० लोकांपैकी १० जण आजारी आहेत, चाचणी त्यांपैकी ९ जणांचा आजार ओळखते, पण ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही आजारी ठरवते. चाचणी पॉझिटिव्ह आलेली व्यक्ती खरोखर आजारी असण्याची संभाव्यता काढताना छेदात कोणती संख्या येईल, एवढेच विचारायचे. योग्य उत्तर १०८ आहे, म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आलेले सर्व (९ + ९९). परंतु १० लिहिणाऱ्याने अट उलटी, म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ऐवजी ‘आजारी’ अशी, धरलेली असते आणि १००० लिहिणाऱ्याने ती विचारातच घेतलेली नसते, त्यामुळे दोघांशी पुढे काय बोलायचे हे आपोआप ठरते. “चूक” असा शेरा मारण्यापेक्षा “हे १० जण कोण?” असे विचारले, की बहुतेकांचे दुसरे उत्तर येतेच.

सूत्रे टंकलिखित करण्याचा आग्रह धरू नये. वहीच्या पानाचा फोटो आणि मराठीत लिहिलेली दोन वाक्ये पुरेशी असतात, शिवाय त्या फोटोतील खाडाखोड शिक्षकाला फार काही सांगून जाते. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्तीही माझ्या मते निरर्थक आहे.

गप्प राहणाऱ्यांना मात्र स्वतंत्रपणे लिहावे. एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ असाइनमेंटचेच गुण धरले जातात आणि अंतिम निकालात त्यांचा वाटा २५ टक्के असतो, ही गोष्ट एकदोन आठवडे मागे पडलेल्या विद्यार्थ्याच्या अनेकदा लक्षातच आलेली नसते. त्याला “असाइनमेंट का दिली नाही?” असे न विचारता “कोणत्या व्याख्यानापर्यंत पोहोचलात?” असे विचारावे, आणि उत्तर आले की त्याच दिवशी, एका ओळीचा का होईना, प्रतिसाद द्यावा.