इनलाइन सही असलेला मेल वाचताना या चुका टाळा

मेल कुणी लिहिला आणि वाटेत कुणी बदलला का, हे पीजीपीच्या डिजिटल सहीने तपासता येतं. ही सही मेलच्या मजकुरातच टाकली, की ती इनलाइन सही. मेलच्या वर ‘गुड सिग्नेचर’ अशी हिरवी पट्टी दिसली की खालचा सगळा मजकूर खरा मानायचा, ही इनलाइन पीजीपी सहीतली सगळ्यात घातक चूक. सही असते ती फक्त ‘बिगिन पीजीपी साइन्ड मेसेज’ आणि ‘बिगिन पीजीपी सिग्नेचर’ या दोन ओळींमधल्या मजकुराची. त्याच्या वर किंवा खाली कुणी ‘रक्कम या नव्या खात्यात भरा’ असं घुसडलं, तरी सही बरोबरच ठरते. विषयाची ओळ आणि जोडलेल्या फायलीही तिच्या बाहेरच. म्हणून सही झालेला भाग वेगळा करून न दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या पट्टीवर विसंबू नका. शंका आली तर मूळ मेल फायलीत साठवा आणि जीपीजीला (पीजीपी सह्या तपासणाऱ्या मोफत प्रोग्रामला) ‘व्हेरिफाय’ऐवजी ‘डिक्रिप्ट’ सांगा. सही झालेला तेवढाच मजकूर तो काढून देतो.

उलट, ‘बॅड सिग्नेचर’ आलं म्हणून लगेच पाठवणाऱ्यावर संशय घेऊ नका. बऱ्याचदा सही झाल्यावर मेल प्रोग्रामने लांब ओळी मोडलेल्या असतात, किंवा मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, गेलेला असतो. ओळीच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेने मात्र बिघडत नाही, ती हिशेबात धरतच नाहीत. मराठीत आणखी एक खाचखळगा आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ एकाच युनिकोड अक्षराने लिहिता येतो, तसा र आणि नुक्ता जोडूनही. मधल्या एखाद्या प्रोग्रामने एकाचं दुसरं केलं, तर डोळ्यांना काहीच कळत नाही, पण बाइट बदलतात आणि सही फुटते. त्यामुळे पडद्यावरून कॉपी केलेला मजकूर तपासू नका, मेलचा सोर्स, म्हणजे कच्चा मूळ मजकूर, घ्या.

डॅशने सुरू होणाऱ्या ओळींआधी एक जादा डॅश आणि मोकळी जागा दिसते. ती सहीच्या पद्धतीचाच भाग आहे. हाताने ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

‘नो पब्लिक की’ म्हणजे सही खोटी नाही. पाठवणाऱ्याची सार्वजनिक किल्ली तुमच्याकडे नसल्याने ती तपासलीच गेलेली नाही. किल्ली मिळवा, आणि तिचा फिंगरप्रिंट (किल्ली ओळखायचा अक्षर-आकड्यांचा छोटा ठसा) समोरच्याला फोन करून पडताळा.

स्वतः पाठवताना पीजीपी-माइम वापरा. त्यात सही मजकुरात न घुसवता मेलचा वेगळा भाग म्हणून जोडली जाते. २००१ च्या आरएफसी ३१५६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्याची रीत ठरलेली आहे. जोडलेल्या फायलीही त्यात सहीखाली येतात. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये ७८ व्या आवृत्तीपासून ही सोय आतच आहे, एनिगमेल हे वेगळं जोडसाधन लागत नाही.